वीस अंशांची रेघ

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या टीचर प्रशिक्षणाला गेल्या आणि सहावीचे त्यांचे तास माझ्या वाट्याला आले. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.लाही माझे विषय भाषेचेच होते आणि भूगोल दहावीनंतर हातात धरलेला नव्हता. पण बदली तासाला नाही म्हणता येत नाही. आदल्या रात्री स्वयंपाक आवरून पाठ वाचला आणि सकाळी वर्गावर गेले.

पाठ कटिबंधांचा होता. उर्दू माध्यमाची शाळा, त्यामुळे अक्षांशाला आम्ही 'अर्ज-उल-बलद' म्हणतो आणि उष्ण कटिबंधाला 'मिंतका-ए-हार्रा'. फळ्यावर मोठा गोल काढला. मध्ये विषुववृत्त, वर कर्कवृत्त, खाली मकरवृत्त. सूर्याचे किरण कुठे सरळ पडतात, कुठे तिरपे पडतात ते खडूने दाखवलं. मग म्हटलं, आपला अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात आहे. म्हणून इथे बर्फ, हिम असलं काही नसतं. ते काश्मीरला.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. "टीचर, हमारे गांव में पडता है. अंगूर के पत्ते पे सफेद सफेद जमता है."

हा मुलगा त्याच वर्षी आला होता. निफाड तालुक्यातला. वर्गात फारसा बोलायचा नाही. मला पाठ पुढे न्यायचा होता, तास संपायला दहा मिनिटं उरली होती. मी हसून म्हटलं, "बेटा, वो फ्रिज होगा." वर्ग खदखदून हसला. तो खाली बसला.

आठवड्याने पाच गुणांची छोटी चाचणी घेतली. 'सही या ग़लत' या प्रश्नात मी एक वाक्य घातलं होतं, 'महाराष्ट्र में कहीं पाला नहीं जमता.' सगळ्या वर्गाने 'सही' लिहिलं. त्याने 'ग़लत' लिहिलं. मी लाल पेनने फुली मारली. पाचापैकी चार. त्याने वही घेतली, फुलीकडे पाहिलं आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

जानेवारीत पालक सभा होती. त्याचे वडील आले. साकीनाक्याला राहतात, टेम्पो चालवतात. मी सवयीने उर्दूत बोलायला सुरुवात केली. मुलगा हुशार आहे, अक्षर सुधारायला हवं, वगैरे. ते सगळं ऐकून घेत होते आणि उत्तरं मराठीत देत होते. साधं, स्वच्छ, नाशिककडचं मराठी. शेवटी म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? राग नका मानू. पोरगं खोटं नाही बोललं."

खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. पहाटेचा असावा, उजेड अजून निळसर होता. द्राक्षाच्या ओळी, खाली ठिबकची काळी नळी, तिच्या शेजारचं गवत पांढरं झालेलं. मीठ भुरभुरल्यासारखं. दुसऱ्या फोटोत वेलीच्या पानाची कड तशीच पांढरी आणि कुणीतरी बोटाने ती खरवडून दाखवली होती.

ते सांगत गेले. त्यांची स्वतःची बाग नाही. भाऊ, वहिनी, आई सगळे द्राक्षाच्या हंगामात लोकांच्या बागेत काढणीला, पॅकिंगला जातात आणि हेही महिनाभर टेम्पो घेऊन तिकडेच असतात. थंडी वाढली की बागायतदार रात्री दोन-तीनला उठतो. ओळींच्या मध्ये भुसा, काटक्या, पाचट पेटवून धूर करतात. वीज असली तर मोटर चालू करून पाणी सोडतात. थंडी फार लागली की वेल झोपते, मण्यांची फुगवण थांबते, साखर भरत नाही. मग दिवसा ऊन चढलं की मणी तडकतात. कुठे पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी झाक येते, त्याला ते सरळ 'पिंक बेरी' म्हणतात. तडकलेला माल व्यापारी बाजूला काढतो किंवा दर पाडतो. "आणि दर पडला की मजुरी पहिली पडते," ते म्हणाले.

त्या वेळी माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' ते मी कसंबसं गिळलं.

का गिळलं ते माझ्या वाचकांना वेगळं सांगायला नको. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगला, मराठीच्या प्रशिक्षण वर्गातसुद्धा. नाव ऐकलं की माणसं मनातल्या मनात एक रेघ ओढतात आणि त्या रेघेच्या अलीकडे कोणती भाषा, कोणता स्वयंपाक, कोणती मतं असणार हे ठरवून टाकतात. मग मी मराठीत बोलले की त्यांना आश्चर्य वाटतं. वाईट हेतू नसतो, पण प्रत्येक वेळी वाटतं की यांनी मला बघण्याआधी नकाशा बघितला. आणि त्या दिवशी मी एका माणसाच्या भाषेवरून तेच करणार होते. त्याच्या मुलाच्या बाबतीत तर करून मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी अंधेरीहून घाटकोपरच्या मेट्रोत उभी असताना डोक्यात तोच फोटो होता. घाटकोपरला आमच्याकडे पंखा पाचवरून दोनवर आला की आम्ही म्हणतो, थंडी पडली. अंगणातलं गवत पांढरं होतं हे मी कधी पाहिलेलं नाही. मुंबईच्या अक्षांशाच्या जेमतेम एक अंश उत्तरेला गवतावर बर्फ जमतो आणि मला चाळिशी उलटून गेली तरी ठाऊक नाही. मग मी वाचायला बसले. शिक्षकाला लाज वाटली की तो वाचायला बसतो, एवढी एक चांगली सवय आमच्या धंद्याने लावली आहे.

सर्वांत आधी मी घरातला जुना शालेय नकाशा काढला, पट्टी घेतली आणि वीस अंश उत्तरेची रेघ महाराष्ट्रावरून ओढली. पश्चिमेकडून सुरुवात केली तर पहिलं गाव लागतं डहाणू. आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. अंधेरी-बोरिवलीहून गाडीत बसलं की समुद्राच्या कडेने तिथे पोचता येतं. तिथे चिकूच्या वाड्या आहेत आणि हिम कुणी स्वप्नातही पाहिलेलं नाही. त्याच रेघेवर पूर्वेला सरकलं, सह्याद्री ओलांडला की नाशिक, आणि लगेच पुढे निफाड. डहाणूपासून निफाड सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे द्राक्षं आणि पहाटेच्या शेकोट्या. रेघ तशीच पूर्वेकडे नेत राहिलं की विदर्भात चंद्रपूर येतं, जिथे मे महिन्यात पारा 46 अंशांच्या पुढे जातो. चिकू, गोठलेलं गवत आणि भट्टीसारखा उन्हाळा. तिन्ही गावं एकाच रेघेवर.

हे पाहिल्यावर वाटलं की आपण मुलांना अर्धंच शिकवतो. रेघ खोटी नाही, पण ती पुरेशीही नाही. सूर्य किती सरळ येतो एवढं ती सांगते. आलेली ऊब कोण धरून ठेवतो आणि कोण सोडून देतो हे ती सांगत नाही.

डहाणूच्या शेजारी समुद्र आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे समुद्रकाठची रात्र फार गार होत नाही. हवेत ओलावा असतो, तो जमिनीची ऊब सहजासहजी निसटू देत नाही. सह्याद्री ओलांडला की ही दोन्ही पांघरुणं जातात. निफाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तेवढ्या उंचीनेच साधारण तीन अंश कमी होतात. हिवाळ्यात तिथली हवा कोरडी, आकाश निरभ्र. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडून गेला की उत्तरेकडून कोरडं गार वारं खाली उतरतं आणि नाशिक-धुळ्याच्या पट्ट्यात पोचतं. मग एखाद्या रात्री वारा पडतो. ढग असते तर त्यांनी गोधडीसारखी ऊब अडवली असती, पण ढग नसतात. जमीन दिवसभराची ऊब रात्रभर आकाशात सोडत बसते. गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली येऊन सखल जागी साचते. निफाड गोदावरी-कादव्याच्या खोऱ्यात आहे. साचायला जागाच जागा.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. वर्तमानपत्रात निफाडचा पारा येतो तो बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गव्हाला थंडी लागते, म्हणून ते केंद्र तिथे असणं बरोबरच आहे. पण कुठल्याही वेधशाळेत तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचं पातं त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतं. म्हणजे पेटीत पारा 3 किंवा 4 दाखवतो तेव्हा खाली पात्यावरचं दव गोठलेलं असू शकतं. त्या मुलाने पान पाहिलं होतं, मी पुस्तकातला सरासरी आकडा पाहिला होता.

याहून मोठा धडा महाबळेश्वर देतं. महाबळेश्वर अंधेरीच्या उत्तरेला नाही, दक्षिणेला आहे, एका अंशाहून जास्त. रेघेच्या हिशोबाने ते आपल्यापेक्षा गरम असायला हवं. पण ते सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे आणि काही वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. पर्यटक फोटो काढतात, शेतकरी कपाळाला हात लावतो. गंमत अशी की त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेचा पारा त्याहून कितीतरी अंश वर असतो. तलावाचा भाग खोलगट आहे, डोंगरावरची गार हवा तिथे उतरून बसते. एकाच गावात दोन हवामानं.

आणि महाबळेश्वरपर्यंत तरी कशाला जायचं? मुंबईच्या दोन वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. मध्ये वीसेक किलोमीटर. जानेवारी 1962 मध्ये मुंबईत मोठी थंडी पडली होती. तेव्हा कुलाब्याचा पारा 11.7 अंशांपर्यंत उतरला आणि सांताक्रूझचा 7.4 अंशांपर्यंत. कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्राचं पांघरूण आहे, उपनगर त्या मानाने उघडं. याच सांताक्रूझला 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंशांची नोंद आहे. समुद्राचं वारं दुपारी उशिरा आत आलं की उपनगर असं तापतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माझी नणंद फज्रला शाल घेते आणि मी घाटकोपरला पंखा बंद करावा की नाही या विचारात असते. बोरिवलीला नॅशनल पार्कला लागून राहणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. आपण मात्र 'मुंबईची हवा' असं एकवचनात म्हणतो.

मी भाषेची शिक्षक, त्यामुळे शब्दांकडे वळल्याशिवाय राहवत नाही. उर्दूत गोठलेल्या दवाला 'पाला' म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. उर्दूतला पाला मराठीतल्या पाल्यावर पडतो आणि दोन्हींचं नुकसान होतं, असं मी नंतर वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली. मराठीत दव आहे, दहिवर आहे, हीव आहे. वर्तमानपत्रं 'हिमकण' लिहितात. आणि 'हवामान' हा शब्द तर आमच्यासारखाच आहे. 'हवा' अरबीतून आलेली, 'मान' संस्कृतातलं. दोघं इतकी वर्षं एकत्र नांदतात की त्यांना वेगळं करून दाखवलं तर लोकांना आश्चर्य वाटतं. मान्सूनच्या मुळाशीही अरबी 'मौसिम' आहे.

पण मला खरं थांबवलं ते 'इक्लीम' या शब्दाने. हा मूळचा ग्रीक 'क्लिमा', म्हणजे उतार, कल. सूर्याकडे पृथ्वीचा कल किती, त्यावरून जगाचे पट्टे पाडायचे. ग्रीकांकडून ही कल्पना अरबांकडे आली आणि 'इक्लीम' झाली. इंग्रजीतला 'क्लायमेट' त्याच मुळाचा. म्हणजे अक्षांशावरून हवामान ठरतं ही समजूत शब्दाच्या पोटातच बसलेली आहे. अल-इदरीसीने 1154 मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा आणि ग्रंथ केला तोही सात इक्लीमांत वाटून. इब्न खल्दून त्याच्या पुढे गेला. 1377 मध्ये लिहिलेल्या मुकद्दिम्यात त्याने सांगितलं की मधल्या इक्लीमांतली माणसं संतुलित असतात आणि टोकाच्या इक्लीमांतली तशी नसतात. एवढा मोठा विद्वान, इतिहासाकडे बघायची नवी नजर देणारा. पण रेघेवरून माणसाचा स्वभाव ठरवण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. मग सहावीच्या बदली तासाला मला तो आवरला नाही यात नवल नाही. अर्थात, ही सबब नव्हे.

खरं तर उत्तर आमच्या घरातच होतं. काही वर्षांपूर्वी अम्मी-अब्बा उमऱ्याला गेले होते. मक्केतून एक दिवस त्यांना ताइफला नेलं. परत आल्यावर अम्मी कौतुकाने सांगायची, मक्केत जीव कासावीस होत होता आणि दोन तासांत घाट चढून वर गेलो तर शाल काढावी लागली, गुलाबाचे मळे होते. मी 'अच्छा' म्हणून सोडून दिलं. आता नकाशा पाहिला. मक्का 21.4 अंशांवर, ताइफ 21.3 अंशांवर, म्हणजे किंचित दक्षिणेलाच. पण मक्का समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत आहे आणि ताइफ अठराशे मीटरच्या आसपास. उंचीने सगळं बदललं.

आणि ती गोष्ट तर मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) ताइफला गेले, लोकांनी ऐकून घेतलं नाही, पोरांना मागे लावून दगड मारले. जखमी अवस्थेत ते एका बागेच्या आडोशाला बसले. बागेच्या मालकांचा गुलाम अद्दास तबकात द्राक्षं घेऊन आला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला दगड आठवायचे, रक्त आठवायचं, अद्दासचा चांगुलपणा आठवायचा. अरबस्तानच्या वाळवंटात द्राक्षं कुठून आली, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. निफाडच्या एका मुलाला हसले तेव्हा कुठे तो पडला.

आता उशिराच्या थंडीबद्दल. आपल्याला वाटतं, थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडचा पारा 2 अंशांच्या आसपास आला होता, त्याची बातमी झाली. पण त्या मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला डिसेंबरची नाही, माघातली भीती. कारण तेव्हा घडात साखर भरायची वेळ असते, काही बागांत काढणी सुरू असते. 2019 मध्ये तसंच झालं. 10 फेब्रुवारीला वसंत पंचमी होती आणि नेमक्या त्याच दिवसांत नाशिक जिल्हा गारठला, निफाडचा पारा 3 अंशांच्या आसपास उतरला. पंचांगात वसंत आणि बागेत शेकोट्या. कोकणात हिम नसतं, पण उशिराच्या थंडीचा तडाखा तिथेही बसतो. फळं धरल्यावर पुन्हा गारठा वाढला की हापूसला नव्याने मोहर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळून जाते. बागायतदार त्याला पुनर्मोहर म्हणतात. झाडावर फुलं दिसतात, बघणाऱ्याला आनंद होतो, मालक मात्र जमिनीवर गळालेलं बघत असतो.

हे फक्त आपलं दुखणं नाही. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सच्या द्राक्षबागांवर अशीच आपत्ती आली. बरगंडीचा प्रदेश 47 अंशांवर, आपल्यापेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस अंश वर. तिथे थंडीची कुणाला नवलाई नाही. पण त्या वर्षी मार्चच्या अखेरीस अवेळी उष्मा झाला, वेलींनी फसून लवकर डोळे फोडले, आणि आठवड्याभरात पारा शून्याखाली गेला. कोवळे कोंब करपले. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमध्ये मेणाच्या बादल्या आणि गवताच्या गंज्या पेटवून ठेवल्या. ते फोटो मी पाहिले. अंधारात ओळींमधून ठिणग्या आणि धूर. खाली नाव नसतं तर निफाड म्हणून खपले असते. दोन्हीकडचा शेतकरी एकच काम करत होता, रात्री जागून वेलीला ऊब देत होता.

यातून एक गोष्ट कळते. जग तापतंय म्हणून हिमाची भीती संपली, असा सरळ हिशोब होत नाही. वसंत लवकर आल्यासारखा वाटला की झाडं लवकर जागी होतात, आणि मग पूर्वी जिचं फारसं काही वाटलं नसतं अशी थंडीही घात करते. थंडी किती पडली एवढंच विचारून चालत नाही, ती पडली तेव्हा झाड कोणत्या अवस्थेत होतं, तेही विचारावं लागतं.

भूगोलाच्या टीचर परत आल्या होत्या. मी त्यांच्याकडून एक तास मागून घेतला. त्या हसल्या, पण दिला. वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावला आणि दोन मुलींना वीस अंशांवर एक दोरी ताणून धरायला सांगितली. डहाणू म्हटल्यावर मागून एक मुलगी ओरडली, "टीचर, मेरी ख़ाला वहाँ है, चिकू भेजती है." चंद्रपूर कुणालाच माहीत नव्हतं. निफाड आलं तेव्हा मी थांबले.

मी म्हटलं, "पिछले महीने मैंने इसको ग़लत कहा था. ये सही था, मैं ग़लत थी." वर्ग एकदम गप्प झाला. शिक्षकाने असं म्हटलेलं त्यांनी फारसं ऐकलेलं नसावं, मीही फारसं म्हटलेलं नाही. मग त्याला पुढे बोलावलं. आधी चाचरत, नंतर हात हलवत त्याने सांगितलं की रात्री चाचा कसा उठवतो, भुसा ओला असला की धूर जास्त होतो, डोळे कसे चुरचुरतात, पहाटे गवतावरून चाललं की चपलेखाली कुरकुर आवाज कसा येतो. दहा मिनिटं बोलला. एवढं तो त्याआधी वर्षभरात बोललेला नव्हता.

त्याची वही मागवली, फुली खोडली, पाचापैकी पाच केले. लगेच पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली, जी कायम पहिली येते. "टीचर, हमने तो 'सही' लिखा था. अब हमारा एक काटोगे?" मी म्हटलं, नाही बेटा, तुम्ही टीचरचं ऐकलं होतं, चूक टीचरची. तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "तो हमको ये टीचर ने बताया, इसको किसने बताया?" मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "देखा था."

फेब्रुवारीत तिसरा बाक रिकामा झाला. मला ठाऊक होतं तो कुठे आहे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिताना पेन थोडा थांबतो. त्याच्या वडिलांना फोन करून म्हटलं, शाळा बुडतेय. ते म्हणाले, "दहा दिवस मॅडम. थंडी नाही वाढली तर माल लवकर उरकेल. वाढली तर जरा लांबेल."

तेव्हापासून सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की मी मुंबईचा आकडा नंतर बघते. आधी निफाड शोधते. 9 असेल तर बरं वाटतं. 5 असेल तर मला आता माहीत आहे, तो पेटीतला आकडा आहे. खाली गवताजवळ, तो मुलगा उभा असेल तिथे, त्याहून कमी असणार.